टिटवीचा समुद्र आणि आपली गाडी

पंचतंत्रातली टिटवीची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. समुद्रकाठी टिटवीचं एक जोडपं राहत असतं. अंडी घालायची वेळ येते तेव्हा मादी म्हणते, "आपण दुसरीकडे जाऊ, या समुद्राचा भरवसा नाही." नर म्हणतो, "समुद्राची काय बिशाद आहे माझ्या अंड्यांना हात लावायची!" समुद्र हे ऐकतो आणि बघू तरी हा काय करतो म्हणून अंडी ओढून नेतो. मग टिटवा सगळ्या पक्ष्यांना गोळा करतो, पक्षी गरुडाकडे जातात, गरुड विष्णूकडे जातो, विष्णू धनुष्याला बाण लावतो आणि समुद्र गुपचूप अंडी परत आणून ठेवतो.

गोष्टीचं तात्पर्य काय ते बाजूला ठेवू. मला या गोष्टीतलं निरीक्षण आवडतं. काही पक्षी झाडावर घरटं बांधत नाहीत, सरळ उघड्या वाळूत अंडी घालतात, हे गोष्ट रचणाऱ्याला नीट माहीत होतं. आणि त्या काळी अशा पक्ष्याचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणून त्याला समुद्रच दिसला, हेही बरोबरच होतं. आज ती गोष्ट नव्याने लिहायची झाली तर समुद्राच्या जागी दुसरंच कोणीतरी येईल. चार चाकं, मागच्या सीटवर स्पीकर आणि खिडकीतून बाहेर काढलेला मोबाईल! होय मित्रांनो, मी आपल्याबद्दलच बोलतोय.

"आता हा पक्ष्यांवर लेक्चर झाडणार" असं म्हणून पान उलटायच्या आत एक विनंती. हा विषय जितका पक्षिमित्रांचा आहे तितकाच इंजिनिअरचाही आहे. कसा, ते शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल.

सुरुवात घरापासून करू. आपल्या मैदानाच्या कडेला बांधकामाची खडी पडलेली असते, तिथे उन्हाळ्यात टिटवी अंडी घालते. रात्री दोन वाजता फाईल पूर्ण करत बसलेल्या प्रत्येकाने तिची "टिटीव टीव" कधी ना कधी ऐकलेली आहे (आणि तिला शिव्याही घातलेल्या आहेत). पण तिची अंडी किती जणांनी पाहिली आहेत? खडीच्या रंगाची, ठिपक्याठिपक्यांची चार अंडी. दोन फुटांवर उभं राहिलं तरी दिसत नाहीत. घरटं म्हणावं असं तिथे काहीच नसतं, जमिनीत एक उथळ खळगा, बस्स.

या टिटवीच्याच कुळातले छोटे भाऊबंद म्हणजे चिखल्या, इंग्रजीत प्लव्हर. त्यांचीही पद्धत तीच. त्यातले काही थेट समुद्राच्या पुळणीवर, भरतीच्या रेषेच्या जरा वर, कोरड्या वाळूत अंडी घालतात. आज ज्याच्याबद्दल सांगायचं आहे तो पायपिंग प्लव्हर त्यातलाच. हा आपल्याकडचा नाही, उत्तर अमेरिकेतला आहे. वजन साधारण ५० ग्रॅम, म्हणजे तुमच्या खिशातल्या मोबाईलच्या पाव हिस्सा. पाठ कोरड्या वाळूच्या रंगाची, गळ्यात एक काळा पट्टा, पाय नारिंगी. थोडा धावतो, थबकतो, पुन्हा धावतो. थबकला की दिसेनासा होतो.

त्याचं सगळं संरक्षण या "दिसेनासं होण्यावर" उभं आहे. अंडी वाळूसारखी, पिल्लं वाळूसारखी, आईबापही वाळूसारखे. धोका दिसला की पिल्लू पळत नाही, जागच्या जागी दबून बसतं. कोल्हा घरट्याजवळ आला तर मोठा पक्षी पंख मोडल्याचं नाटक करत लंगडत दुसऱ्या दिशेला जातो, कोल्हा सोपी शिकार म्हणून त्याच्यामागे लागतो आणि पुरेसं लांब गेल्यावर हा भुर्रकन उडतो. हजारो वर्षं चाललेलं, उत्तम काम करणारं डिझाईन!

मग बिघडलं काय? आपल्या भाषेत सांगायचं तर डिझाईन लोड बदलला. हे डिझाईन कोल्ह्याच्या आणि ससाण्याच्या डोळ्यांसाठी होतं, टायरसाठी नव्हतं. गाडीपुढे पंख मोडल्याचं नाटक करून उपयोग नाही, गाडी फसत नाही. आणि गाडी येताना जागच्या जागी दबून बसणं म्हणजे काय होतं ते सांगायला नको. त्यातही वाईट गोष्ट अशी, की वाळूत टायरचे जे खोल चर पडतात त्यांत ही पिल्लं उतरतात, चरातूनच धावत राहतात आणि तिथेच दबून बसतात. पिल्लू एवढंसं, कापसाच्या बोळ्याएवढं. पुढची गाडी त्याच चरातून येते. चालवणाऱ्याला काही कळतही नाही. तो दुष्ट नसतो. त्याच्या दृष्टीने समोरची जागा रिकामी असते.

माझा सगळा मुद्दा या "रिकामी" शब्दापाशी आहे. जे दिसत नाही ते नाहीच, असं आपण धरून चालतो. नकाशावर पांढरा पट्टा दिसला की आपण म्हणतो "मोकळी जागा". तिथे पार्किंग करा, रिसॉर्ट करा, क्रिकेटची पिच आखा, काहीही करा. या पक्ष्याचा ऱ्हास याच समजुतीतून झाला.

इतिहास थोडक्यात सांगतो. एकोणिसाव्या शतकात या पक्ष्यांची बेसुमार शिकार झाली. काही खाण्यासाठी, काही बायकांच्या टोप्यांवर पिसं लावण्यासाठी. १९१८ साली अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांसाठी कायदा झाला, शिकार थांबली आणि संख्या बऱ्यापैकी सावरली. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र सुबत्ता आली, मोटारी आल्या, सुट्टीत किनाऱ्यावर जायची टूम निघाली, किनाऱ्यालगत बंगले उभे राहिले. यावेळी कोणी बंदूक उचलली नव्हती, तरीही पक्षी पुन्हा घटू लागले. 'ग्रेट लेक्स' म्हणतात त्या प्रचंड सरोवरांच्या वाळूच्या किनाऱ्यांवर एकेकाळी या पक्ष्याच्या पाचशे ते आठशे जोड्या असाव्यात असा अंदाज आहे. १९८६ साली तिथल्या पक्ष्याला कायद्याने "संकटग्रस्त" ठरवलं, तेव्हा उरल्या होत्या १७ जोड्या. सतरा! आपल्या एका प्रॅक्टिकल बॅचमध्ये याहून जास्त पोरं असतात.

मग काय केलं असेल? सॅटेलाईट? ड्रोन? करोडोंची यंत्रणा? मुख्य हत्यार होतं खुंट्या, दोरी आणि पाटी. घरटं सापडलं की भोवती बरंच अंतर सोडून दोरी बांधायची, "इथे पक्ष्यांची वीण सुरू आहे, बाहेरून जा" अशी पाटी लावायची आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोणीतरी माणूस तिथे उभा करायचा. माणूस बहुतेक वेळा स्वयंसेवक. निवृत्त शिक्षक, विद्यार्थी, गृहिणी. त्याचं काम दंड करणं नाही, येणाऱ्याला दुर्बिणीतून पक्षी दाखवणं. एकदा दिसला की लोक आपोआप बाजूने जातात, असा तिथला अनुभव आहे.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे घरट्यावर तारेच्या जाळीचा पिंजरा. जाळीची भोकं अशी मापाची की प्लव्हर आरामात चालत आत-बाहेर करू शकेल, पण कोल्हा किंवा मोठा पक्षी आत शिरू शकणार नाही. साधं, स्वस्त, आपल्या वर्कशॉपमध्ये एका दुपारी होईल असं काम. पण कुठलंच डिझाईन फुकट नसतं. पिंजऱ्यामुळे अंडी वाचतात, मात्र काही ठिकाणी ससाण्यांना कळलं की पिंजरा दिसला की जवळपास मोठा पक्षी मिळणार. त्यामुळे कुठे पिंजरा लावायचा आणि कुठे काढायचा हे दरवेळी तपासून ठरवावं लागतं. व्हायव्हात "लिमिटेशन्स सांगा" म्हटल्यावर आपण जे पाठ म्हणतो, ते इथे प्रत्यक्षात जीवावर बेततं.

आईबाप मेले किंवा घरटं सोडून गेले तर ती अंडी उचलून मिशिगन विद्यापीठाच्या पेल्स्टन इथल्या जीवशास्त्र केंद्रात नेतात. डेट्रॉइट प्राणिसंग्रहालयाच्या पुढाकाराने तिथे अंडी उबवतात, पिल्लं वाढवतात आणि उडायला लागली की किनाऱ्यावर सोडतात. पायांत रंगीत कडी घालतात, त्यामुळे कुठला पक्षी कुणाचा आणि कुठे गेला हे कळतं.

या सगळ्याचा हिशेब? १७ वरून सुरुवात, नव्वद साली आणखी घसरून १२ च्या आसपास, आणि तिथून हळूहळू चढत २०२४ मध्ये ८१ जोड्या, २०२५ मध्ये ८८. उद्दिष्ट आहे १५० जोड्यांचं. म्हणजे चाळीस वर्षं झाली, काम अजून अर्ध्याच्या थोडं पुढे आहे. अटलांटिक किनाऱ्यावर मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८६ साली दीडशेच्या आत जोड्या होत्या, २०२३ मध्ये हजाराच्या वर गेल्या. तिथे सुरुवातीला स्थानिक लोक इतके चिडले होते, की "हा पक्षी कोंबडीसारखा चविष्ट लागतो" असे स्टिकर गाड्यांवर लागले होते! तरी काम थांबलं नाही.

आता एक किस्सा, जो आपल्या गॅदरिंग कमिटीने जरूर वाचावा. २०१९ साली शिकागो शहरात, मॉन्ट्रोज नावाच्या गजबजलेल्या बीचवर, या पक्ष्याची एक जोडी येऊन राहिली. शहरात सुमारे सत्तर वर्षांत असं घडलं नव्हतं. लोकांनी बीचच्याच नावावरून नराला मॉन्टी आणि मादीला रोझ म्हणायला सुरुवात केली. पहिलं घरटं सरोवराच्या वाढत्या पाण्याखाली जायची वेळ आली (बघा, पंचतंत्रातला समुद्र इथेही हजर!), मग जोडीने दुसरं घरटं केलं. त्याच बीचवर ऑगस्टमध्ये एक मोठा संगीत महोत्सव ठरलेला होता. पिल्लं उडायला साधारण चार आठवडे लागतात, तोपर्यंत ती किनाऱ्यावर धावत चरत असतात. म्हणजे तारखांची सरळ टक्कर. शेवटी जुलैमध्ये आयोजकांनी महोत्सव रद्द केला. दोन पक्ष्यांसाठी!

हे वाचून तुमच्या मनात जो प्रश्न आला तोच माझ्या रूमवर आला होता. "च्यायला, दोन चिमण्यांसाठी आख्खा कॉन्सर्ट?" प्रश्न रास्त आहे. उत्तरही हिशेबातच आहे. कॉन्सर्ट पुढच्या वर्षी होऊ शकतो, दुसऱ्या मैदानात होऊ शकतो, साउंड सिस्टीम ट्रकमध्ये घालून कुठेही नेता येते. त्या वर्षी या सरोवरांच्या सगळ्या प्रदेशात मिळून जेमतेम सत्तरेक जोड्या होत्या. त्यातली एक या वाळूवर बसली होती आणि तिची वेळ उन्हाळ्यातले ते तीन महिनेच. ज्याच्यापुढे पर्याय आहे त्याने सरकायचं, ज्याच्यापुढे नाही त्याला जागा द्यायची. यात भावनिक असं काहीच नाही. रस्त्यावर रुग्णवाहिकेला आपण हेच करतो.

मॉन्टी-रोझची त्या वर्षी दोन पिल्लं उडाली. पुढच्या दोन वर्षांतही ती जोडी तिथेच आली. २०२१ मध्ये तिथली संरक्षित जागा तीन एकरांनी वाढवण्यात आली. २०२२ च्या वसंतात मॉन्टी एकटाच आला, रोझ आलीच नाही. मे महिन्यात बुरशीच्या संसर्गाने मॉन्टीही त्याच किनाऱ्यावर मेला. पण त्यांचा २०२१ मधला एक मुलगा त्या बीचवर दरवर्षी येत राहिला. त्याचं नाव इमानी. स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ श्रद्धा, आपल्याकडे काय ते तुम्हाला ठाऊक आहेच. दोन उन्हाळे तो एकटा राहिला. २०२४ मध्ये त्याला जोडीदारीण मिळाली. ती माणसांनी उबवून वाढवलेली आणि आदल्याच वर्षी या बीचवर सोडलेली मादी होती. चार पिल्लं झाली, एक जगलं. हा स्कोअर वाचून नाक मुरडू नका. अटलांटिक किनाऱ्याच्या १९९६ च्या आराखड्यात संख्या वाढण्यासाठी लक्ष्य धरलं होतं ते जोडीमागे सरासरी दीड पिल्लाचं. निसर्गात एक आणि दोन यांच्यामधल्या फरकावर एखादी जात तरते किंवा बुडते.

आता सिव्हिलवाल्यांनी कान टवकारावेत. हाच पक्षी अमेरिकेच्या मध्यभागात मिसुरी नदीच्या वाळूच्या बेटांवरही वीण करतो. विसाव्या शतकात या नदीवर तिथल्या लष्कराच्या अभियंता दलाने सहा प्रचंड धरणं बांधली. पूर थांबले, वीज मिळाली, वाहतूक सुधारली, सगळं उत्तम. पण दर वसंतातला पूर एक काम फुकट करत होता. बेटांवरची झाडोरा-झुडपं धुऊन काढणं आणि नवी वाळू आणून टाकणं. पूर थांबला तशी जुनी बेटं झुडपांनी भरली, नवी तयार होईनात. उघडी वाळू नाही म्हणजे पक्ष्याला जागा नाही. शेवटी काय झालं? त्याच अभियंता दलाला यंत्रं लावून, नदीतली वाळू उपसून कृत्रिम बेटं बांधावी लागली. जे नदी फुकट करत होती ते बजेट लावून करायचं! आणि २०११ साली मोठा पूर आला तेव्हा नदीने एका फटक्यात भरपूर नवी बेटं तयार केली.

अटलांटिक किनाऱ्यावर न्यूयॉर्कजवळ २०१२ साली सँडी वादळ आलं. फायर आयलंड नावाच्या लांबट बेटावर लाटा वाळूचे उंचवटे फोडून आत शिरल्या आणि सपाट, उघडी वाळू पसरली. माणसांच्या दृष्टीने नुकसान. प्लव्हरच्या दृष्टीने नवं घर. पुढच्या वर्षांत तिथे त्यांची संख्या वाढली. याचा अर्थ वादळं यावीत असा कुणी घेऊ नये. अर्थ एवढाच, की किनारा ही बांधून संपवायची वस्तू नाही, ती हलती व्यवस्था आहे. आपण तिला एका जागी खिळवायला जातो तेव्हा तिच्यावर जगणाऱ्यांचा पत्ता कट होतो.

"हे सगळं अमेरिकेत. आपल्याकडे काय?" येतो तिकडेच.

आपल्याकडे चंबळ नदीवर पाणचिरा नावाचा पक्षी वाळूच्या बेटांवर उन्हाळ्यात वीण करतो. काळी टोपी, केशरी चोच, खालची चोच वरच्यापेक्षा लांब. ती पाण्यात बुडवून तो पाणी चिरत जातो म्हणून पाणचिरा. २०२० पासून जागतिक यादीत तो "संकटग्रस्त" वर्गात आहे. त्याची अडचण मिसुरीसारखीच, फक्त उलट्या बाजूने. पाणी उपसल्यामुळे नदी आटते, बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्री, गुरं चालत घरट्यांपर्यंत पोचतात. मुंबईच्या बीएनएचएसने तिथे गावकऱ्यांनाच घरट्यांचे राखणदार केलं. पुन्हा तेच, यंत्र नाही, माणूस.

आणि आपलं कोकण? इथे नीट सांगायला हवं. डिसेंबर-जानेवारीत आपण सेमिस्टर संपवून कोकणात जातो तेव्हा पुळणीवर जे छोटे राखाडी चिखल्या थव्याने धावताना दिसतात, ते तिथे घरटी करत नाहीत. ते पाहुणे आहेत. त्यातले कित्येक तिबेट-लडाखच्या पठारावरून, मध्य आशियातून हिवाळा काढायला आलेले असतात. घरटं तिकडे, पोट इकडे. प्लव्हरचंही तसंच आहे, वर्षातले सात-आठ महिने तो घरट्यापासून लांब, दक्षिणेच्या किनाऱ्यांवर काढतो. तिकडे घरट्याला कितीही दोऱ्या बांधा, हिवाळी किनाऱ्यावर त्याला धड खाऊ-बसू दिलं नाही तर परतीच्या प्रवासाची चरबी साठत नाही. थवा दिसला की त्यात गाडी घालून "एकदम भारी" व्हिडिओ काढणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं. तुमची ती दहा सेकंदांची रील असते, त्यांचं ते इंधन असतं.

दुसरं म्हणजे, याच पुळणीवर याच महिन्यांत एक जीव खरोखर वाळूत अंडी घालतो. ऑलिव्ह रिडले कासव. नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत मादी रात्री येते, खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, वाळू सारखी करते आणि निघून जाते. सकाळी तिथे काही नसतं. "रिकामी" वाळू! वरून गाडी गेली तर वाळू दबते, आणि पिल्लं बाहेर आलीच तर समुद्राकडे जाताना त्याच टायरच्या चरांत अडकतात. प्लव्हरच्या पिल्लांची कहाणी आठवली का?

पण आपल्याकडे लोक काहीच करत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी मंडणगड तालुक्यातल्या वेळासला जाऊन यावं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ साली तिथे काम सुरू केलं. पूर्वी कासवांची अंडी चोरीला जायची, खाल्ली जायची. गावातल्याच माणसांनी पहाटे किनारा चालून अंडी शोधायची, कुंपणाच्या आत जपायची, पिल्लं बाहेर आली की समुद्रात सोडायची, असं सुरू झालं. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पर्यटक गावातल्या घरांत राहू लागले, घरचं जेवू लागले. आपण मॉन्ट्रोजचं कौतुक केलं, पण त्याच्या सतरा वर्षं आधी आपल्या एका कोकणी गावाने काम हातात घेतलं होतं.

म्हणून "पक्षी-प्राणी वाचवायचे म्हणजे गरिबाच्या पोटावर पाय" हा आक्षेप मला अर्धवट वाटतो. अर्धवट म्हणतो, खोटा नाही. कारण होड्या ओढणारा, जाळी वाळवणारा कोळी बांधव पिढ्यान्‌पिढ्या याच वाळूवर आहे आणि उद्या कुणी येऊन त्यालाच दोरीच्या बाहेर काढलं तर ते अन्यायाचंच होईल. पण खरं बोलायचं तर पुळणीवर सुसाट गाडी पळवणारा तो नसतो. तो असतो पुण्या-मुंबईहून वीकएंडला आलेला आपल्यासारखा. भरतीत गाडी फसली की ती ओढून काढायला मात्र त्यालाच बोलावतात!

कायद्याचं बोलायचं तर किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत पक्ष्यांच्या विणीच्या जागा, कासवांच्या विणीच्या जागा आणि वाळूच्या टेकड्या या सगळ्या अतिसंवेदनशील वर्गात येतात. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे. म्हणजे कागद तयार आहे. कागद वाळूवर उतरवायला माणूस लागतो.

आणि उद्या आपणच तो कागद करणार आहोत. कोकणात ठिकठिकाणी काळ्या दगडांचे धूपप्रतिबंधक बंधारे उभे राहतात. मागे लोकांची घरं, माड, रस्ता असतो, त्यामुळे सरसकट "नको" म्हणणं सोपं नाही आणि मी म्हणतही नाही. पण उभ्या भिंतीवर आदळून परतणारी लाट समोरची वाळू खेचून नेते, हे पुस्तकातच आहे. मागची जमीन वाचली, पुढची पुळण गेली. टेंडरमध्ये दगडाचा टनाचा भाव असतो, पुळणीचा नसतो. उद्या आपल्यातला कोणी त्या टेबलाशी बसेल तेव्हा त्याने निदान एक प्रश्न विचारावा, "या वाळूवर कोण राहतं, हे पाहिलं का?" सर्व्हेत झाडं मोजतात, विहिरी मोजतात. चार अंडी कोण मोजणार?

आता ओळखायचं कसं, तेही सांगून टाकतो, म्हणजे लेख नुसता उपदेश वाटणार नाही. वाळूवर किंवा नदीकाठी चालताना एखादा पक्षी उडून न जाता तुमच्यापुढे लंगडत, पंख ओढत चालला तर समजा घरटं किंवा पिल्लं जवळ आहेत. त्याच्यामागे जाऊ नका, शोधत तर मुळीच बसू नका. आल्या पावली, पायांखाली बघत मागे फिरा. डोक्यावर ओरडत घिरट्या घालत असेल तरी तेच. तुम्ही जितका वेळ उभे राहाल तितका वेळ अंडी उन्हात भाजतात, कारण या पक्ष्यांचं अंड्यांवर बसणं उबेइतकंच सावलीसाठीही असतं. चालायचं तर ओल्या वाळूवरून, पाण्याच्या कडेने चाला, वरच्या कोरड्या वाळूतून नको. घरट्याचा फोटो, आणि त्याहून वाईट म्हणजे जागेसकट टाकलेला फोटो, नको. उरलेलं खाणं वाळूत टाकू नका, त्यावर कावळे आणि कुत्री येतात आणि त्यांचं पुढचं जेवण काय असतं ते आता तुम्हाला माहीत आहे. बघायचंच असेल तर हॉस्टेलमध्ये वर्गणी काढून एक दुर्बीण घ्या. क्रिकेटच्या किटपेक्षा स्वस्त पडते.

शेवटी एक ठोस प्रस्ताव, ट्रिप कमिटीसाठी आणि वॉर्डन सरांसाठीसुद्धा. दर डिसेंबरला कोकण ट्रिपच्या परवानगीच्या अर्जावर आपण "समुद्रात खोल जाणार नाही" असं सहीनिशी लिहून देतो. त्याच्याखाली एक ओळ वाढवावी, "गाडी वाळूवर नेणार नाही." गाडी रस्त्यावर लावायची आणि शेवटचे दोनशे मीटर चालायचं. खर्च शून्य, मार्क शून्य, बातमीही होणार नाही. आणि शक्य झालं तर एका वर्षी ट्रिपचा मुक्काम मार्चमध्ये वेळासला ठेवावा. पहाटे उठावं लागेल एवढीच अट. आठच्या लेक्चरला न उठणारी पोरंसुद्धा कासवाचं पिल्लू पाण्यात शिरताना बघायला उठतील, अशी माझी पैज आहे.

पंचतंत्रातल्या टिटवीला गरुड मिळाला, विष्णू मिळाला. मॉन्टी-रोझला पाळी लावून उन्हात उभी राहणारी शंभरेक माणसं मिळाली. खडीत बसलेल्या आपल्या टिटवीला निदान एवढं तरी मिळावं, की तिथे ट्रक रिकामा करायच्या आधी कुणीतरी खाली वाकून बघेल.